हातगाडीवरचे नकाशे

आर्किटेक्चर महाविद्यालयात सबमिशनच्या आदल्या रात्री डोकावले, तर आपल्या ओळखीच्या वर्गासारखे तिथे काहीच दिसत नाही. टेबलांवर कागद, पुठ्ठे, कटर आणि चहाचे पेले. कोणी मॉडेल चिकटवत असतो, पहिल्या वर्षाचा एखादा मुलगा वरच्या वर्गातल्या ताईला पुठ्ठा कापून देत असतो. या खोलीला स्टुडिओ म्हणतात, आणि या विद्येचे बरेचसे शिक्षण इथेच होते. ही रीत आली कुठून, हे पाहू लागलो की आपण एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला पोचतो.

तिथे 'एकोल दे बोझार' या सरकारी कलाशाळेत वास्तुकलेचा विभाग होता. शाळेत व्याख्याने होत, पण हजेरीची सक्ती नव्हती. अभ्यासक्रम अमुक वर्षांचा असेही नव्हते. स्पर्धांमध्ये गुण साठवत वर चढायचे आणि वयाच्या तिशीला थांबायचे. शाळा विषय देई आणि निकाल लावी. इमारत कशी रचायची हे मात्र विद्यार्थी 'अतेलिए'मध्ये शिकत. अतेलिए म्हणजे एखाद्या अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखालची कामाची खोली. अशा खोल्या शहरात विखुरलेल्या होत्या. १८६३ नंतर काही शाळेच्या आवारातही आल्या. गुरुजी आठवड्यातून दोन-तीनदा येत, प्रत्येकाच्या फळीपाशी थांबून चित्र पाहत आणि निघून जात. उरलेला वेळ खोली विद्यार्थीच चालवत. वर्गणी गोळा करणारा प्रमुखही ते आपल्यातूनच निवडत. नवखे थोरल्यांच्या नकाशांवर शाई ओढत, रंग भरत आणि तसे करताकरता शिकत. आपल्या एकशिक्षकी शाळेत चौथीतला मुलगा पहिलीतल्याला पाढे म्हणायला लावतो, त्यातलाच हा प्रकार.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची 'एस्किस'ची पद्धत. मोठ्या स्पर्धेचा विषय हाती पडला की विद्यार्थ्याने एका छोट्या कप्प्यात एकट्याने बसायचे आणि बारा तासांत इमारतीचा कच्चा आराखडा काढायचा. त्याची एक प्रत शाळा ठेवून घेई, दुसरी घेऊन तो अतेलिएत परते. पुढचे सुमारे दोन महिने गुरूचा सल्ला घ्यावा, मित्रांची मदत घ्यावी, मापे आणि सजावट सुधारावी, पण मूळ कल्पना बदलायची नाही. शेवटचे नकाशे त्या पहिल्या आराखड्याशी ताडून पाहत आणि फारकत झालेली दिसली की विद्यार्थी स्पर्धेतून बाद होई. कल्पना स्वतःची आणि मेहनत सर्वांची, असा हा सौदा होता. अर्थात पहिल्याच दिवशी चूक झाली, तर ती दोन महिने सांभाळत बसावे लागे. हे शहाणपणाचे की जाचक, यावर शिक्षकांनी वाद घालायला हरकत नाही.

मुदतीच्या दिवशी अतेलिएतून नकाशे शाळेकडे नेण्यासाठी हातगाडी निघे. फ्रेंचमध्ये तिला 'शारेत' म्हणतात. गाडी चालू असतानाही काही जण रेघा ओढत राहत, असे सांगतात. शेवटच्या घाईच्या कामाला वास्तुविशारदांच्या भाषेत आजही 'शारेत' म्हणतात, ते या गाडीमुळे.

या खोलीची दुसरी बाजूही सांगायला हवी. नवख्यांची खोडी काढण्याचा प्रकार कधी कधी क्रूर होई. परीक्षक बंद दाराआड बसत. आपले नकाशे का पडले हे विद्यार्थ्याला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळत नसे. आणि कितीतरी वर्षे ही खोली फक्त पुरुषांची होती. कॅलिफोर्नियाची जुलिया मॉर्गन १८९४ मध्ये स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन १८९६ मध्ये पॅरिसला आली, तेव्हा एकोलमध्ये मुलींना प्रवेशच नव्हता. १८९७ मध्ये दार उघडले. प्रवेश परीक्षेत ती दोनदा नापास झाली आणि १८९८ मध्ये तिसऱ्या खेपेला वास्तुकला विभागात प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री ठरली. तिशीची अट तिच्याही मानगुटीवर होतीच. तिशी गाठता गाठता, १९०२ मध्ये, तिने प्रमाणपत्र मिळवले. मायदेशी परतून तिने शेकडो इमारती उभारल्या. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने तिला सुवर्णपदक दिले ते २०१४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर ५७ वर्षांनी.

दरम्यान अतेलिएची पद्धत जगभर पसरली. १८६८ मध्ये अमेरिकेत एमआयटीत वास्तुकलेचे वर्ग भरू लागले, तेही पॅरिसचा कित्ता समोर ठेवून. खुद्द पॅरिसमध्ये मात्र १९६८ च्या विद्यार्थी उठावानंतर वास्तुकलेचा विभाग एकोलपासून तोडला गेला.

आपल्याकडे एका बैठकीत सोडवायचा 'टाइम प्रॉब्लेम' असतो, तो एस्किसच्याच कुळातला. परीक्षकांच्या बैठकीला आपली मुले 'ज्यूरी' म्हणतात. पॅरिसमधले ते बंद दार मात्र आता राहिलेले नाही. विद्यार्थिनी नकाशे भिंतीवर लावते आणि शेजारी उभी राहते. जिना इथेच का घेतला, असे परीक्षक विचारतात आणि ती, रात्रभर जागून लाल झालेल्या डोळ्यांनी, उत्तर देते.