आजीच्या हातातले एरंडेल

'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा' असे आपण सहज म्हणतो, त्यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे. सुट्टीची सकाळ, आजीच्या हातातली वाटी आणि दाराआड लपलेली मुले! हा उपाय फार जुना. इजिप्तमधल्या इ. स. पूर्व १५५०च्या सुमाराच्या एबर्स पपायरसमध्ये एरंड आहे. चरकसंहितेतही एरंडेल आहे. सोनामुखीची पाने अरब वैद्यांनी प्रचारात आणली. इसबगोल युनानी वैद्यकातून रुळले. त्याच्या फारसी नावाचा अर्थ 'घोड्याचा कान', कारण बी तशाच आकाराचे!

तिघांची तऱ्हा मात्र वेगळी. एरंडेल आणि सोनामुखी आतड्यांना डिवचतात, म्हणून ती क्वचितच घ्यावीत. गरोदरपणी तर एरंडेल टाळावेच. इसबगोल पाणी शोषून फुगते, मल मऊ करते. तिघांत सौम्य तेच. पण पाणी भरपूर हवे, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात अडकते.

पोटात जोराची कळ, उलटी किंवा ताप असेल, तर कोणतेच रेचक घरी देऊ नये. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. तेव्हा डॉक्टरच गाठावा. शहाणी आजीसुद्धा वाटी भरण्याआधी नातवाच्या कपाळाला हात लावून पाहत असे.