चुलीपाशी राहिलेला इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की अभ्यासक प्रथम चर्चच्या दप्तराकडे वळतो. बाप्तिस्म्याच्या नोंदी, मिशनऱ्यांची पत्रे, व्हाइसरॉयांचे हुकूम ही त्याची साधने होत. कोणाचा बाप्तिस्मा कधी झाला, कोणते मंदिर कोणत्या साली उभे राहिले, हे या कागदांतून कळते. परंतु त्या माणसांनी पावसाळ्याची बेगमी कशी केली, तापाने फणफणलेल्या लेकराला काय पाजले, लग्नाच्या आदल्या दिवशी कोणती गाणी म्हटली, याविषयी दप्तर बहुधा मौन पाळते. हे सारे आजा-आजीच्या मुखी होते. त्यांनी ते नातवंडांना सांगितले, नातवंडांनी आजी-आजोबा झाल्यावर पुढे सांगितले. आम्हांस येथे या न लिहिलेल्या दप्तराविषयी लिहावयाचे आहे.

घरातील वडीलधाऱ्यांचा साधा सल्ला हाही इतिहासाचा पुरावा असतो, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही वाचकांना ते भावनेचे बोलणे वाटेल. म्हणून आम्ही असा साक्षीदार उभा करतो, की ज्याच्यावर आजीविषयी ममत्व बाळगल्याचा आरोप कोणीही करणार नाही. हा साक्षीदार म्हणजे गोव्याचे धर्मन्यायालय, इन्क्विझिशन. गोव्यात ते १५६० साली स्थापन झाले, १७७४ साली बंद पडले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे संपले. या न्यायालयाने १४ एप्रिल १७३६ रोजी एक आज्ञापत्र काढले. अ. का. प्रियोळकर यांनी गोव्यातील इन्क्विझिशनवर १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथामुळे ते मराठी अभ्यासकांच्या चांगलेच परिचयाचे झाले आहे.

या आज्ञापत्रात गहन धर्मसिद्धान्तांपेक्षा घरकामाच्या गोष्टीच अधिक आहेत. लग्नात वधूवरांना हळद लावू नये. विड्याची पाने, सुपारी व फुले वाटू नयेत. लग्नघरी ओव्या म्हणू नयेत. घरात, अंगणात वा बागेत तुळस लावू नये. असेल तर उपटून टाकावी. पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी वापरू नये. आणि या साऱ्यांच्या बरोबरीने आणखी एक मनाई आहे: भात अळणी शिजवून मागाहून त्यात मीठ घालू नये, कारण हिंदू तसे करतात.

भातात मीठ केव्हा घालावे, हा प्रश्न धर्मन्यायालयाच्या मेजावर आला, हे वाचून आज हसू येईल. क्षणभराने ते हसू ओसरते. न्यायाधीशांना एक गोष्ट अचूक कळली होती. मनुष्याची श्रद्धा प्रवचनाने घडत असेल, पण त्याच्या हाताची सवय घरातील वृद्ध स्त्री घडवीत असते. भातात मीठ केव्हा घालावे हे कोणा पाद्र्याने शिकविले नव्हते. ते आजीने सुनेला दाखविले होते आणि सुनेने मुलीला. ही साखळी तोडावयाची तर आजीच्या भांड्यात डोकावणे भाग होते. ते डोकावले, आणि जे मोडावयास निघाले होते, त्याचीच तपशीलवार यादी मागे ठेवून गेले. त्या काळच्या ख्रिस्ती घरात काय चालत असे, हे सांगणारा इतका बारकाईचा कागद दुसरा क्वचितच सापडेल.

मनाईचा परिणाम मुळीच झाला नाही असे म्हणता येणार नाही. गोव्यातील ख्रिस्ती अंगणातून तुळस गेली आणि वृंदावनाच्या जागी क्रूस उभा राहिला. काही वर्गांत पोशाख बदलला. परंतु लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांच्या अंगाला नारळाचा रस चोळून त्यांना न्हाऊ घालण्याचा ‘रोस’ राहिला. नवरीच्या हातात चुडा भरण्याचा सोहळा राहिला. ओव्यांवर मनाई होती, तरी लग्नघरी गाणी थांबली नाहीत. झोतींच्या रूपाने बायका ती गातच राहिल्या. वसईत तर लग्नाचा मांडव आणि हळद यांवाचून ख्रिस्ती घरचे कार्य पुरे झाल्यासारखे वाटत नाही. भाषेचीही तीच कथा. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने स्थानिक लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. तीन वर्षे गेली, तीन शतके गेली आणि १९८७ साली कोकणी ही गोव्याची राजभाषा झाली. मधल्या काळात शामायने नातवाला कोणत्या भाषेत जेवावयास बोलावले असेल, हे निराळे सांगावयास नको.

वसईचा इतिहास याला आणखी एक जोड देतो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकली. पोर्तुगीज मिशनरी बव्हंशी निघून गेले. गावोगावच्या ख्रिस्ती जनतेला थोड्या देशी धर्मगुरूंवर विसंबावे लागले. जेथे धर्मगुरूचे येणे विरळ, तेथे सायंकाळची जपमाळ कोण सांगणार? लहानग्याला क्रुसाची खूण करावयास कोण शिकविणार? घरातील वडील माणसेच. स्वयंपाकाची रीत आणि प्रार्थनेचे शब्द एकाच मुखातून, एकाच दिव्याच्या उजेडात मुलांच्या कानी पडत गेले. एका राजवटीने ज्या घरगुती परंपरेकडे संशयाने पाहिले, ती राजवट गेल्यावर त्याच परंपरेने श्रद्धा सांभाळली, हे आपल्या इतिहासाचे मोठे नवल होय.

मात्र ही परंपरा बंद पेटीसारखी होती असे कोणी समजू नये. आजीने बाहेरून आलेले पुष्कळ काही घरात घेतले. मिरची, बटाटा, काजू, पपई, अननस, पेरू हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आले. पाव, साबण, बादली, चावी, फीत, बिजागरी हे शब्दही पोर्तुगीजांचेच. आज ते साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी आहेत. पाव फुगविण्यास गोव्यात माडाची ताजी सूर वापरली गेली आणि युरोपची भाकरी कोकणच्या माडावर वाढली. हुकमाने आलेले आजीने पारखून घेतले. उपयोगाचे ठरले ते विनाहुकूम घेतले.

पावसाळ्याच्या बेगमीस गोव्यात ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्दही पोर्तुगीजच, पण त्यामागची विद्या मात्र या मातीची. पावसाच्या तोंडावर, पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास, मडगावी पुरुमेंताचे फेस्त भरते. सुकी मासळी, मिरच्या, आमसुले, चिंच, मीठ यांची खरेदी होते. कैऱ्या खारवावयाच्या तर पाण्यात मीठ किती? आजीजवळ तराजू नसे. ती मिठाच्या पाण्यात अंडे सोडी. ते तरंगले की मीठ पुरे झाले असे समजे. भोपळ्या-दुधीच्या बिया राख चोळून चुलीवर धुरात टांगाव्यात म्हणजे कीड लागत नाही, भाताच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालावा, सुकी मासळी पावसाळी हवा लागू न देता ठेवावी, हा सारा अभ्यासक्रम तोंडी होता आणि त्याची परीक्षा आषाढात होत असे.

या अभ्यासक्रमाचे पंचांग संतांच्या सणांचे होते. २४ जून हा संत योहानाचा दिवस, म्हणजे पावसाने विहिरी भरल्याची खूण. गोव्यात तरुण त्या दिवशी विहिरीत उड्या घेतात. नव्या कणसांचा आशीर्वाद रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला, तर ताळगावात २१ ऑगस्टला होतो. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या प्रारंभी ‘आगेरा’ साजरा करतो. आजोबांना तारीख विचारली तर ते सण सांगत आणि सण सांगितला की शेतात काय करावयाचे हे निराळे सांगावे लागत नसे.

आजोबांची विद्या घराबाहेरची, वाडीतली. वसईच्या वाड्यांतून ‘बावखल’ नावाची उघडी तळी खणलेली असत. पावसाचे पाणी त्यांत साठे आणि जमिनीत मुरे. बैलाच्या रहाटाने तेच पाणी केळी-पानवेलींस मिळे. समुद्राकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ते बेताने काढले तर टिकते, उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते. हे शास्त्र आजोबांनी पुस्तकात वाचले नव्हते. पण विहिरीला रात्रभर विसावा द्यावा, हे ते जाणत होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा टँकरने उपसल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. जुन्या माणसांची विहिरीविषयीची समज तेव्हा साऱ्या तालुक्याच्या प्रश्नाच्या मुळाशी होती. त्यानंतर कितीतरी बावखले बुजली. आगाशीची सुकेळी मात्र अजून नाव राखून आहेत: पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसा उन्हात वाळवावयाची आणि रात्री दवापासून जपावयाची, असे कित्येक दिवस. नाशवंत फळ टिकाऊ करण्याची ही युक्ती कुटुंबांनीच एकमेकांस शिकविली.

वृद्धांचे प्रत्येक वचन वंद्य मानावे, असे आमचे म्हणणे नाही. इतिहासाचे साधन म्हटले की ते पारखून घेतले पाहिजे. उकड्या तांदळाची पेज अंगाला चांगली, असे कोकणातील वृद्ध सांगत. तांदूळ कांडण्यापूर्वी भात उकडले असता सालीकडील ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि बेरीबेरीपासून बचाव होतो, हे पुढे विज्ञानाने दाखवून दिले. पोट बिघडलेल्या मुलाला पेजेचे निवळ मीठ घालून पाजावे, हाही जुना सल्ला. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचविले. पुढील दशकात तांदळाच्या पिठाचे तसेच पाणीही उपयोगी ठरले. आजीचे निवळ म्हणजे ते मोजून केलेले औषध नव्हे. तरी तिची दिशा चुकली नव्हती. उलट, ताप आला की प्रथम मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढावयाची आणि डॉक्टरकडे मागाहून जावयाचे, हेही त्याच मुखाने शिकविले. सर्वांचे झाल्यावर उरलेले सुनेने जेवावे, हा धडाही त्याच चुलीपाशी गिरविला गेला. इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही गोष्टी लिहाव्यात. गोड तेवढे उचलले तर तो इतिहास राहणार नाही.

आज आजीवर बंदी घालणारे न्यायालय नाही. तरीही ती साखळी तुटत आहे आणि तिचे कारण फार साधे आहे: कोणी विचारीत नाही. नातवंडे इमारतीतील सदनिकांत, कित्येक तर आखातात वा त्याहून दूर. आजीची बोली सामवेदी वा वाडवळी, नातवाची शाळा इंग्रजी. शीतकपाट आले आणि खारवण्याची गरज उरली नाही. त्याबद्दल आम्ही हळहळत नाही. सुनेचे कष्ट कमी झाले हे चांगलेच झाले. परंतु वस्तू गेली की शब्द जातो आणि शब्द गेला की त्यामागची समज जाते. कणगी पाहिली नाही त्याला ती दाखविता येईल. पण बावखलाचा काठ कोणत्या झाडाने धरून ठेवला होता, हे सांगणारे मनुष्य गेल्यावर ते कोणास विचारणार?

म्हणून वाचकहो, या सुट्टीत एवढे करावे. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. वैशाखात काय काय वाळविले जाई आणि ते कशात भरून ठेवीत? कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजवावयास चांगले आणि कोणत्या विहिरीचे नव्हे? हळदीला कोणते गाणे प्रथम म्हणत आणि ते तुम्हांस कोणी शिकविले? बाळंतिणीला काय देत आणि काय वर्ज्य असे? घरात सर्वांत शेवटी कोण जेवत असे? उत्तरे त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावीत. सांगणाऱ्याचे नाव, गाव, जन्मसाल आणि उत्तर घेतल्याची तारीख खाली लिहावी. एक प्रत घरी ठेवावी आणि एक धर्मग्रामाच्या दप्तरात, बाप्तिस्म्याच्या नोंदींशेजारी ठेवण्यास द्यावी.