हिस्टामिनेज

अ‍ॅलर्जीत मास्ट पेशींतून सुटणाऱ्या हिस्टामिनमुळे अंगावर गांधी उठतात, नाक वाहते. त्याला निष्प्रभ करणारे, तांबेयुक्त विकर म्हणजे हिस्टामिनेज. आजचे नाव डायअमाइन ऑक्सिडेज. चार्ल्स बेस्ट आणि मॅकहेन्री यांनी १९३० मध्ये त्याचे वर्णन केले. इन्सुलिनच्या शोधातले बेस्ट ते हेच.

मेंदूत आणि श्वासनलिकांत मात्र दुसरेच विकर, हिस्टामिन एन-मिथाइलट्रान्सफरेज, हिस्टामिनला मिथाइल गट जोडून हे काम करते.

हिस्टामिनेज आतड्यात मुबलक असल्याने अन्नातले हिस्टामिन सहसा तिथेच संपते. बांगडा, कुपा बर्फाविना राहिले, तर जिवाणू त्यांत भरमसाट हिस्टामिन तयार करतात. शिजवूनही ते नष्ट होत नाही. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड या विकराला अडवते. त्यामुळे ते घेणाऱ्यांना असे मासे अधिक बाधतात, आणि किनारपट्टीवर ही सूचना रुग्णाला आवर्जून द्यायला हवी.