कुंचल्याचे वळण

टंकलिखित टिपणे वाचण्यात ज्यांचा दिवस जातो, त्या आम्हा दिल्लीकर मराठी मंडळींना अक्षराच्या रूपाकडे पाहण्याची सवड क्वचितच मिळते. तथापि करोल बागेत एखादी हाताने रंगवलेली जुनी पाटी दिसली, की आमचे पाऊल थबकते. तिच्यावरील फराटा आरंभी भरदार, अखेरीस निमुळता असतो. लिहिणाऱ्या मनगटाची गती रंग वाळल्यावरही तेथे जाणवते. ही गती छापखान्याच्या खिळ्यात धरता येईल काय, हा प्रश्न बराच जुना आहे.

आमच्याकडे तो मोडीच्या निमित्ताने उपस्थित झाला. मोडी ही त्वरेची लिपी. कारकून आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढी आणि मग तिच्याखाली, बोरू शक्य तो न उचलता, मजकूर लिही. विल्यम कॅरे यांनी १८१० साली बंगालमधील श्रीरामपुरास आपला मराठी कोश छापला, तेव्हा मराठी शब्दांसाठी मोडीचे खिळे वापरले. परंतु बोरूने जोडलेली अक्षरे खिळ्यांत सुटी झाली. लिहिण्याचा वेग हा मोडीचा मुख्य गुण. खिळे जुळवणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ग्रंथांत पुढे बालबोधच स्थिरावली, यात नवल नाही.

पाश्चात्त्यांनी हाच प्रयोग कुंचल्याच्या अक्षरावर केला. रॉबर्ट स्मिथ यांनी अमेरिकेत १९४२ साली 'ब्रश स्क्रिप्ट' हा टंक सिद्ध केला. फ्रान्समध्ये रॉजे एक्स्कोफों यांनी १९५३ साली स्वतःच्या हस्ताक्षरावरून 'मिस्त्राल' घडवला. शेजारच्या अक्षरांचे सांधे जुळावेत म्हणून प्रत्येक अक्षराचे शेपूट नेमक्या उंचीवर संपवावे लागते. म्हणजे वरवर सहज दिसणाऱ्या या वळणामागे मोठा काटेकोर हिशेब असतो. दुकानाचे नाव, मालाचे वेष्टन, समारंभाचे निमंत्रण अशा दोन-चार शब्दांना ते शोभते. लांब मजकुराला लावल्यास डोळा शिणतो. रोमन मोठ्या अक्षरांतच सबंध शब्द लिहिल्यास तो वाचणे कठीण होते. शिवाय हाताने काढलेली दोन अक्षरे कधी तंतोतंत सारखी नसतात. टंकात तेच अक्षर एका ओळीत तीनदा आले, की मोकळेपणाचे सोंग उघडे पडते.

दिल्लीत या विषयाला अलीकडे निराळे वळण लागले. फ्लेक्सचे फलक आले आणि पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम ओसरले. तेव्हा हनीफ कुरेशी या कलावंताने अशा पेंटरांची अक्षरे मिळवून संगणकासाठी त्यांचे टंक तयार करण्याचा उपक्रम हाती घेतला. त्या टंकांना 'पेंटर कफील', 'पेंटर उमेश' अशी लिहिणाऱ्यांचीच नावे दिली. कुरेशी २०२४ साली निवर्तले.

वर सांगितलेले सर्व दोष याही टंकांना लागू आहेत. त्यांनी पेंटरांचा गेलेला धंदा परत येणार नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु पेशवे दप्तरातील रुमालच्या रुमाल ज्यांच्या वळणदार मोडीने भरले आहेत, त्या कारकुनांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. कागद जपणाऱ्या आमच्या पूर्वजांना लिहिणाऱ्यांची नोंद ठेवावीशी वाटली नाही. दिल्लीच्या पेंटरांच्या बाबतीत ती थोडीफार तरी राहिली, याचे आम्हांस समाधान वाटते.