बेस, खोली आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं मडकं

आजचा एपिसोड ऐकून झाला की एक प्रयोग करा. बऱ्यापैकी मोठ्या स्पीकरवर दणकट बेसचं गाणं लावा आणि खोलीत फिरा. भिंतीला टेकलात की ढुम्म ढुम्म, मधोमध आलात की बेस गायब. स्पीकर तोच, गाणं तेच. हे सगळं खोली करते.

आपली 'टेन बाय टेन' बेडरूम घ्या. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीएवढी, ती दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहते. ३४३ भागिले ६.१, उत्तर ५६ हर्ट्झ. लांबी-रुंदी सारखी आणि छतही दहा फुटांच्या आसपास, म्हणजे तिन्ही दिशांचं उत्तर जवळपास तेच! बेससाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. त्यात आपल्या भिंती विटांच्या, काँक्रीटच्या. अमेरिकेतल्या लाकडी चौकटीच्या भिंती हलतात, थोडा बेस गिळतात. आपल्या भिंती तो जवळजवळ सगळा परत पाठवतात.

खोलीचं हे गणित लॉर्ड रॅली यांनी १८७७-७८ च्या 'थिअरी ऑफ साउंड' या ग्रंथात मांडलं. पण उपायाची वस्तू त्याआधी कितीतरी शतकं लोकांच्या हातात होती. फक्त ती काय करते हे कुणाला नीट माहीत नव्हतं.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकारानं लिहून ठेवलंय, की नाट्यगृहात आसनांखाली कोनाडे करून सुरात लावलेली काशाची भांडी ठेवावीत. पैसे कमी असतील तर मातीची चालतील. (बजेट व्हर्जन तेव्हाही होतं!) पुढे युरोपातल्या चर्चच्या भिंतींमध्ये मडकी चिणली गेली. आज फ्रान्समध्ये असलेल्या मेट्झ शहरात १४३२ साली एका मठाच्या प्रमुखानं गाणं चांगलं घुमावं म्हणून अशी मडकी बसवून घेतली, तर मठाचा इतिहास लिहिणाऱ्यानं त्याची चक्क टिंगल केली.

मडक्याचा खरा उलगडा केला जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी. त्यांचं पुस्तक आलं १८६३ मध्ये. मडक्याच्या गळ्यातली हवा म्हणजे वजन आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. त्यामुळे प्रत्येक मडक्याचा एक ठरलेला सूर असतो आणि तो आला की गळ्यातली हवा जोरात मागेपुढे होते. तिथे थोडा कापूस किंवा कापड ठेवलं की घर्षणात त्या सुराची ताकद जिरते. म्हणजे आवाज वाढवायला बसवलेली वस्तू मुळात आवाज खाऊ शकते! आजचे ट्यून केलेले बेस ट्रॅप याच तत्त्वावर चालतात. अट एकच, एक मडकं एकाच सुराच्या आसपास काम करतं.

मग आपण भिंतीला फोम का चिकटवतो? माझ्या मते याचं मूळ १८९५ मध्ये आहे. हार्वर्डच्या फॉग म्युझियममधल्या नव्या सभागृहात व्याख्यान कळेना, इतका आवाज घुमायचा. ते काम वॉलेस सॅबाइनकडे आलं. वय २७, म्हणजे आपल्यातलाच कुणीतरी. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत! यातून निघालेल्या सूत्रावर बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला, १९०० साली. पण ती नळी ५१२ हर्ट्झची होती. तिची लाट ६७ सेंटिमीटरची, आपली ५६ हर्ट्झची लाट सहा मीटरची. सॅबाइननं पुढे खालचे सूरही मोजले, पण लोकांच्या लक्षात राहिल्या गाद्या. मऊ वस्तूनं लाट नीट पकडायची तर भिंतीपासून पाव लाटेपर्यंत जावं लागतं, म्हणजे इथे दीड मीटर. दोन इंची फोमला 'बेस ट्रॅप' म्हणून विकणं ही सरळ फसवणूक वाटते मला.

घरात हा त्रास उशिरा आला, कारण खोल बेस देणारे स्पीकर कपाटाएवढे असायचे. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी हार्वर्डच्याच गावात, केंब्रिजमध्ये, अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. बंद खोक्यातली हवाच स्प्रिंग म्हणून वापरली आणि बेस पुस्तकांच्या फळीवर मावायला लागला. मडक्याच्या पोटातली तीच स्प्रिंग!

२००२ मध्ये टॉड वेल्टी या इंजिनिअरनं वेगळाच प्रश्न विचारला: सबवूफर किती लावावेत? समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध एकेक लावला तरी बरंच काम होतं, असं त्यात दिसलं. अडकलेली लाट एका भिंतीपाशी दाबते तेव्हा समोरच्या भिंतीपाशी ओढते. दोन्हीकडून एकदम ढकललं की ती उभीच राहत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला असं सोल्यूशन आवडतं, बग दुरुस्त करण्यापेक्षा तो येऊच द्यायचा नाही.

दोन सबवूफरचं बजेट नसेल तर एकच सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतींच्या कडेनं रांगत फिरा. जिथे बेस सगळ्यात सपाट, स्वच्छ ऐकू येईल, तिथे सबवूफर न्या आणि तुम्ही खुर्चीत परत या.