सुकाणू, चुक्काणी

बंगळूरच्या हलसूर तलावावर लष्कराच्या शिडाच्या छोट्या होड्या फिरताना दिसतात. होडीच्या मागे टांगलेल्या, दिशा देणाऱ्या पात्याला कन्नडमध्ये ‘चुक्काणी’ म्हणतात, आपण ‘सुकाणू’. दोन्हींचं मूळ अरबी ‘सुक्कान’. कोकणापासून मलबारपर्यंतच्या बंदरांत तो शब्द उतरला आणि प्रत्येक भाषेने तो आपल्या उच्चारात बसवला. ‘सुकाणी’ म्हणजे सुकाणू धरणारा. तो इंग्रजी जहाजांवर ‘सीकनी’ होऊन पोचला आणि 1886च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंदला गेला.

वस्तू शब्दाइतकी एकमार्गी आली नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज वल्ह्यांनी वळतं. त्यावरून बांधलेलं शिवलेल्या फळ्यांचं ‘कौंडिण्य’ मे 2025मध्ये कारवारला नौदलात आलं, तेही सुकाणूऐवजी वल्ह्यांवर. चीनमध्ये मात्र पहिल्या शतकातल्या मातीच्या प्रतिकृतीवर मागे सुकाणू आहे. युरोपात ते बाराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं.

दहाव्या शतकातला अरब भूगोलकार अल-मुकद्दसी तांबड्या समुद्रातलं एक दृश्य सांगतो. कप्तान उंचावर उभा राहून पाण्यातले खडक हेरतो. खाली दोन बाजूंना दोन पोरं. तो हाक देतो, पोरं ती ओरडून पुढे पोचवतात आणि सुकाणी ऐकून डावी किंवा उजवी दोरी ओढतो. सुकाणू ज्याच्या हातात, त्याला खडक दिसत नाहीत. त्याचं काम ऐकण्याचं.

आज कन्नड आणि मराठी वर्तमानपत्रांत पक्षाचं, संस्थेचं सुकाणू कोणीतरी ‘खंबीर हातांत’ घेतं. अनुवादक म्हणून माझी सोय होते, रूपक तसंच्या तसं उचलता येतं. पण छोट्या होडीवर खंबीर हात कामाचा नाही. दांडा पूर्ण एका अंगाला दाबला तर पातं पाण्याला आडवं येतं आणि होडी वळण्याऐवजी थांबते. दांडा सतत हाताला ओढत असेल, तर पुष्कळदा दोष शिडाचा असतो. मोठं शीड थोडं सैल सोडलं की हातावरचा भार उतरतो. बिजागऱ्या झिजल्या तर पातं खडखडतं, फार आवळल्या तर वळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी दांडा दोन्हीकडे फिरवून पाहायचा, पात्यावरचं शेवाळ खरवडायचं.

हा शब्द दोन्ही भाषांना दर्यावर्द्यांनी दिला. ‘खंबीर’ हे विशेषण मात्र आपण जमिनीवर जोडलं.