सदतीस हजारांत त्र्याण्णव हजारांचा दरोडा

परवा झोप येईना म्हणून ‘कॅश ऑन डिमांड’ पुन्हा लावला. १९६१ चा, कृष्णधवल, हॅमर कंपनीचा. हॅमर म्हटलं की आपल्याला ड्रॅक्युला आठवतो, रक्त आठवतं. इथे तसलं काही नाही. नाताळच्या तोंडावरची एक छोटी बँक, साहेबाची खोली, तळघरातली तिजोरी, बाहेर थोडासा (नकली) बर्फ. झाला सेट! खर्च सुमारे ३७ हजार पौंड, आणि कथेतला दरोडा ९३ हजारांचा :)

असे चित्रपट निघायचे कसे? १९२७ च्या कायद्याने तिकडच्या थिएटरवाल्यांना ठरावीक टक्के ब्रिटिश चित्रपट दाखवणं सक्तीचं झालं. मग कोटा भरायला स्वस्तातला माल धडाधड निघू लागला. पुढे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची पद्धत होती, त्यातल्या दुसऱ्या, छोट्या चित्रपटाची ही जागा. बहुतेक विसरण्याच्याच लायकीचे, खोटं कशाला बोला. हा मात्र नाही. तरी बिचारा ब्रिटनमध्ये लागला तो १९६३ च्या अखेरीस, तोही कापून.

मुळात हे टीव्हीवरचं नाटक, म्हणून सगळा भार नटांवर. पीटर कुशिंग मॅनेजर, आंद्रे मॉरेल दरोडेखोर. दोनच वर्षांपूर्वी हेच दोघे होम्स आणि वॉटसन होते! मॉरेल विमा कंपनीचा माणूस म्हणून येतो, बायको-मुलगा आमच्या ताब्यात आहेत असं सांगतो, आणि मॅनेजरला स्वतःच्याच हाताने नोटा भरायला लावतो. आवाज चढवत नाही, पिस्तूल रोखत नाही.

पण मला धरून ठेवतो तो पिअर्सन (रिचर्ड व्हर्नन). जुना कारकून, एका क्षुल्लक चुकीवरून साहेब त्याला नोकरीवरून काढायची धमकी देतो. तासाभरात तोच साहेब त्याच्यापुढे गयावया करतो.

बाबा पाणी प्यायला उठले होते, ते दारातच थांबले. ३४ वर्षं कॅशमध्ये काढलेला माणूस. एकदा दहा रुपये कमी भरले म्हणून साहेबाने सगळ्यांदेखत झापलं होतं, हे आईकडून कळलेलं. बाबा कधी बोलले नाहीत.

“सोडतो का रे तो साहेबाला?” त्यांनी विचारलं.

“बघा ना,” मी म्हटलं.

खुर्ची ओढून बसले.